चमकणारं वटवाघूळ

हॅलोविनच्या आदल्या दिवशी मी रेडियमच्या पट्टीचं एक मोठं रीळ विकत आणलं, एवढीच माझी चूक. (बायको म्हणते, चुका आणखी आहेत. पण माझ्या रोजनिशीचं पान लहान आहे.)

आमची नऊ वर्षांची जोसी यंदा हॅलोविनच्या सोंगात वटवाघूळ होणार होती. म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत काळीकुट्ट. असं काळं पोर संध्याकाळी सहा ते आठ, ऐन अंधारात, दारोदार खाऊ मागत फिरणार, या विचारानंच मी दुकान गाठलं होतं. ज्याच्या पोर्चमध्ये दिवा, त्याच्याच दाराशी जायचं, हा आमचा रिवाज. आता दिवे काही एका बाजूला लागत नाहीत. पोरं या दिव्याकडून त्या दिव्याकडे रस्ता आडवा कापत सुटतात. मी तीन दिवस खिडकीत बसून गाड्या मोजल्या होत्या. एकट्या बुधवारी सत्त्याऐंशी!

मी जोसीच्या पाठीवर पट्टीची मोठी फुली मारली. पंखांना कडेनं पट्ट्या लावल्या.

"व्हर्नन," माझी बायको लोरेटा म्हणाली, "तिला वटवाघूळ व्हायचंय, ॲम्ब्युलन्स नाही."

मी लक्ष दिलं नाही. मुखवट्यातून बाजूचं दिसत नाही, म्हणून तो काढून तोंड रंगवलं. मग नियमांची उजळणी.

"रस्ता कुठे ओलांडायचा?"

"कोपऱ्यावर."

"उभ्या गाड्यांच्या मधून?"

"कधीच नाही. बाबा, किती वेळा विचारणार?"

"आज नीट वागलीस, तर पुढच्या वर्षी मैत्रिणींबरोबर जा. मी येणार नाही."

तिचे डोळे पट्टीहून जास्त चमकले.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण शेजारची ग्लेंडा कुंपणावरून म्हणाली, "आमच्या ड्वेनला पण लाव ना रे!" लावली. मग गल्लीतले सगळे आईबाप आपापली पोरं घेऊन आमच्या अंगणात रांगेला उभे. मी एकोणीस पोरांच्या पाठीवर एकोणीस फुल्या मारल्या, सगळ्या अगदी एका मापाच्या. (पद्धत एकच असावी, असा ऑफिसातही माझा आग्रह असतो.) रीळ संपलं. मी धन्य झालो.

सात वाजता मिट्ट काळोख पडला आणि आपण काय करून बसलोय ते मला कळलं. राजकन्या दिसेना, डायनोसॉर दिसेना. अंधारात नुसत्या फुल्या तरंगत होत्या. मी जोसीच्या फुलीवर नजर रोखून दहा पावलं मागून चाललो होतो. कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला, तसा मी पुढे होऊन फुलीचा हात धरला.

"थांब हं बाळा, गाडी येतेय."

"सोडा ना काका!" फुली किंचाळली. तो ड्वेन होता, समुद्री चाच्याच्या वेषात.

"जोसी कुठेय?"

"मला काय माहीत? ती कधीची नाही आमच्यात."

कधीची म्हणजे कधीची? मी कुणाच्या पोराची राखण करत होतो?

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "दातांच्या डॉक्टरांकडे अख्खं चॉकलेट! अख्खं!" आणि चहूबाजूंच्या फुल्या धावत सुटल्या. वळणावरून गाडीचे दिवे आले. पलीकडे एक फुली पाठमोरी सरकत फुटपाथच्या कडेला आली. एक पाऊल खाली.

"जोसी!"

पुढचं मला नीट आठवत नाही. दोन उभ्या गाड्यांच्या मधून मी रस्त्यात उडी घेतली, एवढं खरं.

ब्रेक करकचून लागले. गाडी माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबली. काच खाली गेली. आतल्या आजीनं डोकं बाहेर काढलं.

"वेड लागलंय का हो? काळा कोट, काळी टोपी! इथलं पोरन् पोर मला लख्ख दिसत होतं. तुम्हीच तेवढे दिसला नाहीत!"

पलीकडची फुली पाऊल पुन्हा वर घेऊन फुटपाथवर उभी होती. ती जोसी नव्हतीच. जोसी पुढच्या कोपऱ्यावर दोन चिल्ल्यापिल्ल्यांचे हात धरून गाडी जायची वाट बघत होती. डावीकडे पाहून, उजवीकडे पाहून ती माझ्याकडे आली.

"बाबा, उभ्या गाड्यांच्या मधून?"

हॅलोविनसाठी कोपऱ्यावर नेमलेली पोलीसबाई येऊन ठेपली. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"यांच्याबरोबर कुणी मोठं माणूस आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत जोसीनं हात वर केला.

"शाबास. हात घट्ट धर हं. अशी माणसं एकदम सुटतात."

जोसीनं घरापर्यंत माझा हात सोडला नाही. सगळं ऐकून लोरेटानं निकाल दिला. पुढच्या वर्षी जोसी मैत्रिणींबरोबर जाणार आहे. मला एकट्याला सोडायचं की नाही, यावर मायलेकींचा विचार अजून चालू आहे.