मुकादमाच्या पाठीचे पोपडे

गोटीरामशेठना त्या सकाळी चष्मा सापडला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो सापडला (कपाळावरच होता), शेठनी तो डोळ्यांवर ओढला आणि परसातल्या टबात बसलेल्या कासवाची पाठ निरखून पाहिली.

"मालन! अगं, मुकादमाला पोपडे आलेत!"

पेठ रोडला गोटीरामशेठचं रंगाचं दुकान. शाळा सातवीपर्यंत, पुढची सगळी विद्या डब्यांवरची लेबलं वाचून आणि पेंटर लोकांच्या चुका पाहून मिळवलेली. (चुका पाहून जास्त.) गेली तीस वर्षं कुणी गिऱ्हाईक "भिंतीचे पोपडे निघतात हो" म्हणत आलं, की शेठचं उत्तर ठरलेलं असे : "ओल! आधी ओल काढा, मग माझ्याकडे या."

आणि मुकादम हे त्यांच्या नातीचं, दिशाचं, पाण्यातलं कासव. घर बदलताना कुणीतरी ते फुटक्या टबासकट कचऱ्यात दिलं होतं. दिशा घंटागाडीमागे दोन गल्ल्या धावली आणि त्याला सोडवून घरी घेऊन आली. मान उंच करायची आणि दुसऱ्यांची कामं बघत बसायचं, एवढाच त्याचा उद्योग. म्हणून नाव मुकादम. सुट्टीत आठ दिवस येवल्याला मामाकडे जाताना ती आजोबांना बजावून गेली होती, "एकदा टाकलंय त्याला लोकांनी. मी परत येईन तेव्हा तो होता तसा पाहिजे मला." शेठनी छातीवर हात ठेवून शब्द दिला होता.

तिसऱ्याच दिवशी मुकादमाने अन्न सोडलं. दिवसभर टबाच्या भिंतीवर नखं घासायचा, वर चढायचा, धप्पकन पडायचा. त्यात आता हे पोपडे.

"ओल धरलीये त्याने," शेठ म्हणाले.

"अहो, पाण्यातल्या प्राण्याला ओल नाही धरणार तर काय धरणार?" मालनबाई पाल्याची जुडी निवडत म्हणाल्या. "मला तर वेगळीच लक्षणं दिसतायत. खाणं नकोसं झालंय, एका जागी चैन नाही. पाय जड झालेत त्याचे."

"कुणाचे?"

"मुकादमाचे."

"मालन, तो मुकादम आहे!"

"म्हणून काय झालं?"

शेठनी चपला पायात सरकवल्या. ते दुकानात गेले आणि देवराम पेंटरला घेऊन आले. देवरामने आधी कासवाला नमस्कार केला, मग पाठीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. भिंत आतून सुटली आहे का, हे तो असंच बघे.

"भरीव वाजतंय, शेठ."

"म्हणजे चांगलं?"

"आता आत गडी बसलाय म्हटल्यावर भरीवच वाजनार की. पन पापुद्रा लय सुटलाय. घासून एक हात प्रायमरचा मारू का?"

"देवराम," मालनबाई आतून म्हणाल्या, "त्याला ब्रश लावलास तर चहा मिळायचा नाही."

मग ठरलं की नुसतं वाळवायचं. मोरीच्या दुरुस्तीतली वाळू परसात एका कोपऱ्यात पडून होती. शेठनी मुकादमाला त्या ढिगावर कोवळ्या उन्हात नेऊन ठेवलं आणि समोर स्टूल टाकून बसले. तेवढ्यात दिशाचा व्हिडिओ कॉल आला.

"आजोबा, मुकादम दाखवा."

शेठनी घाईघाईने मोबाईल टबाकडे वळवला.

"टब रिकामा आहे!"

"तो जरा... बाहेर गेलाय."

"बाहेर? कुठे?"

"इथंच. पाय मोकळे करायला."

"आजोबा, त्याला बरं नाहीये का? खरं सांगा."

"छे छे, ठणठणीत आहे! फक्त जेवत नाही, पाठ सुटलीये आणि..." इथे शेठच्या लक्षात आलं की आपण ठणठणीतपणाचं वर्णन करत नाही आहोत. तिकडे दिशाचे डोळे भरले होते. "मी उद्या सकाळच्या एसटीने येतेय," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

शेठनी वळून पाहिलं, तर मुकादम मागच्या पायांनी वाळू उकरत होता. एक पाय, मग दुसरा. अगदी शिस्तीत, जणू काम अंगावर घेतलंय. बघता बघता चांगला खड्डा झाला.

शेठ स्टुलावरून उठलेच. "मालन, हा स्वतःची जागा करून घेतोय गं!"

"तेच तर मी म्हणतेय."

"अगं, शेवटची जागा!"

मालनबाई पुढे काही बोलायच्या आत शेठनी दुकानातली वीस लिटरची रिकामी बादली आणली, आत वाळू घातली, वर मुकादम ठेवला आणि रिक्षा थांबवली. बादलीवर शेठच्या दुकानाचा ठळक पट्टा होता : 'गोटीराम पेंट्स — पोपड्यांना कायमचा रामराम!' रिक्षावाला आरशातून आळीपाळीने पट्ट्याकडे आणि कासवाकडे बघत राहिला.

प्राण्यांच्या डॉक्टर भाग्यश्री मॅडमनी कागद पुढे ओढला. "नाव?"

"गोटीराम."

"पेशंटचं."

"मुकादम."

"नर की मादी?"

"नर."

"कशावरून?"

"मुकादम आहे, मॅडम!"

मॅडमनी पेशंटची नखं पाहिली, शेपटी पाहिली, मागच्या पायांपुढे बोट लावून चाचपलं आणि हसू दाबत एक्स-रेचा फोटो काढायला सांगितला. फोटोत सात पांढरे गोल दिसत होते.

"खडे?" शेठनी घाबरून विचारलं.

"अंडी. मादी आहे ही. नर नसला तरी घालतात. पिल्लं मात्र व्हायची नाहीत. वाळूत ठेवा, आडोसा करा आणि समोर स्टूल टाकून बसू नका. दोन दिवसांत घातली नाहीत, तर लगेच घेऊन या."

"पण पोपडे?"

"कासव वाढलं की पाठीवरचा जुना थर सुटतो. खाली बघा, नवा किती छान आहे. पाणी मात्र बंद करायचं नाही."

शेठ घरी आले. मालनबाईंनी त्यांच्याकडे फक्त एकदा पाहिलं. (चार बाळंतपणं झालेल्या बाईला त्याहून जास्त बोलायची गरज नसते.) वाळूच्या ढिगाभोवती त्यांनी जुनं लुगडं बांधलं आणि शेठना परसात यायची बंदी केली.

सकाळी दिशा पाठीवरची पिशवीही न काढता धावत परसात गेली. वाळूत सात अंडी होती. मुकादम टबात बसून, मान उंच करून, मालनबाईंच्या हातून शेपूची काडी खात होती. दिशाने आधी आजीला मिठी मारली. मग, थोडा विचार करून, आजोबांनाही.

तेवढ्याने शेठना पुन्हा बळ आलं. वाळूत कुणी ठेवलं? उन्हात कुणी नेलं? म्हणजे उपाय बरोबरच होता. कारण जरा वेगळं निघालं इतकंच! आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे ऐकवलं. पुन्हा तपासणीला जाताना तर बादली त्यांनी स्वतः उचलली. दिशाही सोबत होती.

मॅडमनी मुकादमाला तपासून "उत्तम" म्हटलं. पहिल्या खेपेला घाबरलेल्या शेठनी दवाखाना नीट पाहिलाच नव्हता. आता त्यांची नजर वजनकाट्यामागच्या भिंतीवर गेली. हातभर पोपडे सुटले होते. शेठची छाती फुलली.

"मॅडम, कासवाचं राहू द्या. पण ही मात्र नक्की ओल!"

"ओल नाही हो, भिंत तपासून घेतली मी. ती रंगवणारा देवराम पेंटर सांगतो, रंगच जुना निघाला. ज्याने विकला तो दुकानदार एकदा मला भेटलाच पाहिजे."

शेठनी बादली उचलली आणि पट्ट्याची बाजू हळूच पोटाशी वळवली.

"आजोबा," दिशा म्हणाली, "अशी कशी धरलीत? आपल्या दुकानाचं नाव दिसत नाहीये."