हात खिशात घालायला लावणारे फौजदार

आमचे सोनकांबळे फौजदार लग्नाच्या मांडवात शिरले तरी आधी ओरडत, "हात खिशात!" माणसं हसत हसत हात खिशात घालत. धोतरवाल्या म्हाताऱ्यांना ते समजुतीनं सांगत, "मामा, तुम्ही पाठीमागं बांधा." गुन्ह्याच्या जागी कुणी कशाला हात लावू नये, म्हणून लागलेली ही सवय. घरी पातेलं पडलं तरी ते गुडघ्यावर बसून जमीन बघत. बाईसाहेब वैतागत, "मांजर समोर मिशा चाटून राहिलं, अन् ह्यांना पुरावा पायजे!"

"दूध त्यानं पिलं, हे कबूल. पातेलं त्यानंच पाडलं कशावरून?"

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांना पाट्या आल्या होत्या, खुर्च्या यायच्या होत्या, आणि पाऊस तर येतच नव्हता. मी त्यांच्या हाताखाली नवा जमादार होतो. 'आमचे साहेब' म्हणताना आजही माझी छाती फुगते.

जळकोटकडच्या एका खेड्यात भगवान नावाचा शेतकरी आपल्याच पडवीत गोळी लागून मेला. रानडुकरांसाठी ठेवलेली त्याची ठासणीची बंदूक बाजेजवळ पडलेली होती. त्याचा भाऊ व्यंकट तिथून पळताना लोकांनी पाहिला. विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं वैर. "आवाज ऐकून आलो, अन् माणसं बोलवायला पळालो," असं व्यंकट रडून सांगत होता. कुणालाच पटेना. मलाही पटलं नाही. त्याला घालायला बेड्या मीच बाहेर काढल्या होत्या.

"हात खिशात!" साहेब जीपमधून उतरता उतरताच ओरडले.

एक म्हातारी पुढं आली. "साहेब, रक्त पडलंय. सडा घालून सारवायचं होतं, पर पाणीच न्हाई बघा."

साहेबांनी तिला हात जोडले. "दुष्काळानं एक काम तरी बरं केलं, आजी."

भगवानच्या सदऱ्यावर भोकाभोवती कापड जळून काळं झालं होतं. बंदूक अंगाजवळच उडाली होती. "म्हणजे व्यंकटनंच जवळ येऊन मारलं," मी म्हणालो.

"मांजर!" साहेब म्हणाले.

गोळी बरगडीखाली शिरून खांद्यातून निघाली आणि वरच्या वाशात रुतली होती. समोर उभा राहिलेला माणूस असा खालून वर का मारील? बाजेजवळच्या धुळीत बंदुकीच्या दस्त्याचा खोल ठसा होता. साहेबांनी तो कुणाला तुडवू दिला नाही. बंदूक लाखेची मोहर लावून तपासणीला गेली.

अहवाल येईना. गावातली पोरं जीप दिसली की खिशात हात घालून उभी राहत. पारावरचे म्हणत, "पंचांग बघून राहिलाय का हो साहेब?" साहेब वाट बघत राहिले. अखेर उत्तर आलं. घोडा झिजलेला होता. दस्ता आपटला की आपोआप पडत होता. भगवाननं नळी धरून बंदूक जवळ ओढली असावी, दस्ता जमिनीवर आपटला असावा. व्यंकट सुटला.

त्याला घेऊन साहेब स्वतः भगवानच्या बायकोकडं, गोदाबाईकडं गेले. सगळं उलगडून सांगितलं. ती दिराकडं बघत नव्हती. साहेबांनाच म्हणाली, "त्या वक्ताला मी टँकरवर होते. घागरीसाठी भांडून राहिले होते. मी घरी असते तर ते वाचले असते का ओ, साहेब?"

माझी मान खाली गेली. बाजेपासून उंबऱ्यापर्यंत रक्ताचा माग होता. भगवान तेवढं सरपटत आला होता. तो माग साहेबांनीच मला दाखवला होता.

"न्हाई, माय," साहेब म्हणाले. "गोळी लागली तिथंच गेला. तू शेजारी असतीस तरी काही करता आलं नसतं."

"खरंच?"

"हाव. मी पाहिलंय ना."

तेव्हा ती मोठ्यानं रडली. व्यंकट उंबऱ्याबाहेर उभा होता, तो आत येऊन वहिनीजवळ खाली बसला.

बाहेर आल्यावर मी साहेबांकडं बघतच राहिलो. पुराव्याशिवाय मांजरालाही दोष न देणारा हा माणूस.

"काय बघून राहिला?" ते खेकसले. "जीप काढ."