दारं-खिडक्या घट्ट लावा!

“माणसांना घाबरवून थांबवू नकोस अपेक्षा, इथली माणसं खरंच थांबतात.” हा माझ्या नवऱ्याचा, दर्पणचा इशारा. मी तो उडवून लावला. बोईसरच्या कारखान्यात दिवसभर मशिनी बघणाऱ्या माणसाला मथळ्यातलं काय कळणार! मी आमच्या बाळाला, स्वराजला मांडीवर थोपटत ऑनलाइन मार्केटिंगचा अख्खा कोर्स केला होता. पहिल्या ओळीवर वाचणाऱ्याचं बोट थबकलं पाहिजे, बाकी सगळी रांगोळी, असं आमचे सर सांगत.

मथळा लिहायचा होता दांडी गावच्या साखरमावशींच्या सुक्या बोंबलांसाठी. इतकी वर्षं त्या टोपली घेऊन आमच्या कॉलनीत यायच्या. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता. गिऱ्हाईक दांडीला आलं नाही, तर धंदा आवरून लेकीकडे दातिवऱ्याला जाऊन राहायचं त्यांनी ठरवलं होतं. मला म्हणाल्या, “तू शिकलेली हायस बाय. लिव कायतरी, लोकं माज्या दारात उबी राहतील असं.”

मी लिहिलं: ‘तारापूरकरांनो, रविवारी सकाळपासून दारं-खिडक्या घट्ट लावा!’ मग उत्सुकता ताणायला भरपूर मोकळी जागा सोडली. अगदी तळाशी लिहिलं, ‘नाहीतर साखरबाईंच्या बोंबलांच्या वासानं शेजारी ताट घेऊन येतील. रविवारीच या, दांडी.’ वाचून मीच खूश झाले. शनिवारी संध्याकाळी सगळ्या ग्रुपवर टाकून दिलं.

आता आमचा भाग कसा, तर अणुवीज प्रकल्पाच्या सावलीतला. अधूनमधून आणीबाणीचा सराव होतो. दारं-खिडक्या लावायच्या, आत बसायचं, पुढची सूचना येईपर्यंत बाहेर डोकवायचं नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं.

मला नव्हतं का पाठ? होतं की!

रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या मेघालीचा फोन आला. बाळाला आत घे, खिडक्या लाव, सगळीकडे मेसेज फिरतोय, एवढं बोलून तिनं ठेवून दिला. कसला मेसेज, हे विचारायचं भान कुठल्या आईला राहील? खिडक्या लावल्या. दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले. देवासमोरची उदबत्तीसुद्धा विझवली! स्वराजला घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसले, तर तो आंघोळ समजून कपडे ओढायला लागला.

दर्पण पोह्यांची बशी घेऊन बाथरूमच्या दाराशी आला. कुणी सांगितलं, कुठं वाचलं, असं शांतपणे विचारू लागला. जीव घेतील ही शांत माणसं! मग त्यानं स्वतःच्या फोनवर मेसेज काढला आणि मोठ्यानं वाचला. मग अंगठ्यानं वर सरकवला. आणखी सरकवला.

“खाली बोंबील आहेत,” तो म्हणाला.

मी स्कूटीवरून दांडी गाठली. रस्ता असा रिकामा, जणू सगळं गाव एकाच लग्नाला गेलंय! साखरमावशींचं दार बंद. बाहेर बांबूंवर टांगलेल्या बोंबलांवर कावळ्यांची पंगत बसलेली, खाली मांजरांची. वाढायला कुणी नसूनही कुणाचं काही अडत नव्हतं.

कावळे हाकलत मी दार वाजवलं. “मावशी, मी अपेक्षा. उघडा, काही झालेलं नाही.”

“सूचना आलीय बाय. दुसरी आल्याबिगर उगडायचं नाय.”

“ती सूचना नाही. ते मीच लिहिलंय.”

आत पावलं दाराजवळ आली.

“तू तर बोंबलांचं लिवणार व्हतीस.”

“तेच आहे ते.”

एक कावळा चोचीत अख्खा बोंबील धरून माझ्या स्कूटीवर येऊन बसला.

“मग गिऱ्हाईक कुटं हाय?” मावशींनी विचारलं.

तिथंच उभी राहून मी नवा मेसेज टाकला: ‘दारं उघडा, काही झालेलं नाही.’ साधा, सरळ, खरा. तो कुणीही वाचला नाही!

दुपारपर्यंत गाव आपोआप उघडलं. मावशींचं दार मात्र माझ्यासाठी बंदच आहे. त्यानंतर दोनदा जाऊन आले. हाक मारली की आतून कडी सरकल्याचा आवाज येतो. दातिवऱ्याला जायचं सामान बांधलंय की काय, या विचारानं मला घास गोड लागत नाही. म्हणून तुम्हालाच विनंती करते. दांडीच्या बाजूला गेलात, तर मावशींची चौकशी करून या. गुडघे कसे आहेत विचारा, थोडे बोंबीलही घ्या.

फक्त, काहीतरी वाचून आलोय असं सांगू नका.