मालक पट्ट्यावर

बाभुळगावजवळच्या आपल्या गिट्टीखदानीत बबनरावांनी विजेच्या उधळपट्टीविरुद्ध युद्धच पुकारलं होतं. दगड फोडणाऱ्या क्रशरपासून उंच ढिगापर्यंत दगडाची चुरी वर वाहून नेणारा रबरी पट्टा निम्मा दिवस रिकामाच फिरतो, हे ध्यानात आल्यापासून त्यांना जेवण गोड लागेना. शेवटी त्यांनी पट्ट्याला सेन्सर बसवला. वजन पडलं की पट्टा सुरू, वजन उतरलं की बंद. कामगार बटण बंद करायला विसरतात, म्हणून त्यांनी पट्ट्याजवळचं बटणही काढून टाकलं.

मग वीजबचतीच्या तपासणीसाठी नागपूरहून अपेक्षा मॅडम आल्या. यवतमाळला क्रशरमालकांच्या बैठकीत बबनरावांची खदान नमुना म्हणून दाखवायची की नाही, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं.

"पाहा मॅडम, कसा गपगार पडून हाये! जराही वीज खात नाही," असं म्हणत बबनराव ऐटीत पट्ट्यावर टेकले.

दगड कोणता आणि मालक कोणता, हे सेन्सरला कळत नव्हतं. पट्टा निघाला.

"अबे पूनमसिंग, बंद कर!" ते ऑपरेटरवर ओरडले.

"कायनं करू मालक? बटन तं तुमीच काढलं!"

"मंग मेन स्विच पाड!"

"केबिनले कुलूप हाये. चाबी तुमच्याच खिशात!"

बबनरावांनी धडपडत चाबी काढून फेकली. ती पूनमसिंगच्या डोक्यावरून खदानीतल्या पाण्यात गेली. आता उडी मारावी, तर पट्टा घराच्या छपराएवढा वर आलेला.

"हलू नका, घट्ट धरून बसा!" खालून मॅडम पट्ट्याबरोबर पळत होत्या.

"मालक, वजन उतरल्याबिगर तो थांबत नाही!" पूनमसिंगनं समजावलं.

"आता इथं बसून वजन उतरवू का बे?"

तेवढ्यात टोक आलं. बबनराव वरून सुटले आणि भुसभुशीत चुरीच्या ढिगात कमरेपर्यंत रुतले. मागे पट्टा गुमान थांबला.

दोघं धावत पोचली. ढिगातून राखाडी रंगाचे बबनराव उगवले.

"कुठं लागलं का?" मॅडमनी घाबरून विचारलं.

"ते राहू द्या. पट्टा थांबला का?"

"थांबला."

"लगेच?"

"लगेच."

बबनरावांचे तेवढे दात पांढरे चमकले.

मॅडमनी हातातल्या मीटरवर नजर टाकली. "सेन्सर उत्तम आहे. पण बटण आजच्या आज परत बसवा. आणि एका माणसासाठी एवढा लांब पट्टा फिरला, ही विजेची नासाडीच. अहवालात लिहावी लागेल."

बबनरावांचा चेहरा चुरीखालीही पडलेला दिसला. ते मॅडमना जरा बाजूला घेऊन गेले.

"बटन बसवतो. पन माणूस लिहू नका, मॅडम. बैठकीत समदे हासतीन मले. मोठा दगड लिहा."

मॅडमनी कसंबसं हसू आवरलं. "बरं. दगडाचं वजन किती लिहू?"

बबनरावांनी पूनमसिंगकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"ते जरा कमीच लिहा."