ढिल्या बेल्टचा ठेका

अध्यक्षमहाराज, तुमच्या संगीत संग्रहालयाची भिंत धडधडीत खोटं बोलते. ते इलेक्ट्रॉनिक नाचगाणं म्हणे एका बड्या क्लबात जन्मलं! ते जन्मलं त्याच्या सहा वर्षं आधी, स्केटिंग हॉलच्या तिकीट-खिडकीत. बाळंतीण अजून जिवंत आहे. तिला विचारायची तसदी मात्र तुम्ही घेतली नाहीत.

ती बाळंतीण म्हणजे मावशी. तिकिटं फाडायची आणि हॉलमध्ये कॅसेटी लावायच्या, हे तिचं काम. दुपारचा खेळ संपला तरी माणसं चाकांवरून उतरत नसत. म्हणून तिने घरी कीबोर्डवर एक संथ, पेंगुळलेली धून वाजवून टेप केली. ऐकून सगळ्यांनी निमूट घरी जावं, एवढाच हेतू. पण तिचे यजमान, म्हणजे काका, पडले रेडिओ मेकॅनिक. गावभरची यंत्रं ठणठणीत, घरच्या टेपरेकॉर्डरचा बेल्ट ढिला! धून भरताना टेप रडतखडत फिरली. हॉलच्या धडधाकट यंत्रावर तीच कॅसेट लावली मात्र, धून सुसाट सुटली. घर विसरून माणसं भिंगरीसारखी फिरायला लागली.

"अगं, बंद कर ते!" मॅनेजर ओरडला.

"तुम्हीच या आणि बंद करा. मला मार खायचा नाही!"

पुढच्या आठवड्यात कॅसेटच्या नकलांसाठी रांग लागली. काका बेल्ट बदलायला निघाले, तर मावशीने स्क्रूड्रायव्हर लपवला. त्याच ढिल्या बेल्टवर तिने आणखी सात कॅसेटी भरल्या. नकला हातोहात फिरत क्लबात पोचल्या, नाव क्लबाचं झालं. मावशी तिकिटं फाडत राहिली.

चाळीस वर्षांनी भाचीने तिला संग्रहालय दाखवलं. भिंत वाचून मावशीने क्लबाच्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मरायच्या आधी इथे माझं नाव बघायचंय मला."

तिने पहिली कॅसेट पुरावा म्हणून जमा केली. महिन्याने समितीपुढे बोलावणं आलं. संग्रहालयाच्या तज्ज्ञाने बटण दाबलं. धून सुरू झाली, संथ, पेंगुळलेली. एका सभासदाची मान छातीवर पडली.

"हे काय केलंस रे?"

"वेग बिघडला होता, आजी. आठवडाभर खपून मूळ वेगावर आणला."

"अरे, तो बिघाडच तर माझा होता! कॅसेट लाव माझी, जशी आहे तशी!"

"बिघडलेली प्रत समितीला ऐकवायची नाही, असा नियम आहे."

"काम चोख केलंय हो यांनी," काका कौतुकाने म्हणाले. मावशीने नुसतं पाहिलं. काका खिडकीबाहेर बघायला लागले.

निकाल लगेच लागला. मावशीचं नाव भिंतीवर चढलं, वरच्या मजल्यावर, लहान मुलांच्या दालनात: 'अंगाईगीते'. शेजारी झोपलेल्या बाळाचं चित्र.

"नाव तर लागलं ना?" काका हळूच म्हणाले.

मावशी पाटीसमोर उभी राहिली. नाव तिचंच होतं, अक्षरही सुबक होतं. बेल्ट आपोआप ढिला झाला होता, खरं आहे. पण तो ढिलाच राहू दे, हे कुणी ठरवलं होतं?

तिने अभिप्रायाची वही ओढली आणि पेन दाबून लिहिलं: "माझं नाव आधी तिथून काढा. आणि जिच्यावर चाळीस वर्षं लोक नाचले, ती चूक दुरुस्त करायच्या आधी तुम्ही कुणाला विचारलंत? उत्तर लेखी हवं. मी खाली बाकावर बसले आहे."