अजगर यायच्या आधीचे भुवड

भुवड जेवायला बसत तेव्हा त्यांच्या गळ्यात दीड किलोचं नळकांडं असे. एसीच्या तांब्याच्या पाइपवर काळं फोमचं वेष्टण चढवतात, त्याचा चार फुटांचा तुकडा. आत वाळू भरलेली, दोन्ही टोकं टेपनं बंद. ते खांद्यावर टाकून भुवड शांतपणे वरण-भात कालवत. पहिल्या दिवशी मी विचारलं, "मानेला काय झालं?"

"झालं काही नाही, व्हायचंय. अजगर येणार आहे. वजनाची सवय नको?"

मला वाटलं चेष्टा करतायत. भुवड चेष्टा करत नाहीत, हे नऊ वर्षं एका खोलीत राहून मला ठाऊक असायला हवं होतं.

आम्ही मस्कतमध्ये बौशरला राहतो. ते गुहागरकडचे, मी लांज्याचा. ते एसी मेकॅनिक, मी त्याच कंपनीत स्टोअरकीपर. आमच्याकडे दिवेलागणीनंतर सापाचं नाव काढत नाहीत, 'जनावर' म्हणतात. मी तर भर दुपारीही 'जनावर'च म्हणतो.

झालं होतं असं. भुवड कामासाठी ओमानच्या दक्षिण टोकाला, सलालाहला गेले होते. तिथे एका शाळेच्या मॅडमच्या घरी एसी दुरुस्त करताना कोपऱ्यात काचेच्या पेटीत त्यांना अजगर दिसला. मॅडम केरळच्या. जनावर मुलानं पाळलेलं, आणि मुलगा शिकायला परदेशी गेलेला. आता मॅडमही कायमच्या घरी निघाल्या होत्या आणि त्याच्यासाठी चांगलं घर शोधत होत्या. एसी अर्ध्या तासात चालू झाला. भुवड पुढे दीड तास पेटीसमोर बसून राहिले.

परत आले ते तयारीलाच लागले. बंद पडलेल्या कॅफेटेरियाचा काचेचा फ्रिज त्यांनी उचलून आणला, त्यातलं गार करायचं सगळं काढलं आणि ऊब देणारी गादी आणि दिवा बसवला. "तीस वर्षं लोकांना गार केलं," म्हणाले, "आता एकाला गरम करतो." बाहेर सेहेचाळीस डिग्री. अख्ख्या मस्कतात उष्णता विकत आणणारा हा एकच माणूस असेल.

"अंदाज नको. काटा बघा," हे त्यांचं पालुपद. भाताला शिट्ट्या किती, विचारलं तरी हेच. पेटीच्या एका टोकाला बत्तीस डिग्री, दुसऱ्याला सव्वीस. सकाळी दात घासण्याआधी ते दोन्ही काटे बघत आणि मला मोठ्यानं सांगत, जसा काही मी विचारलंच होतं.

एकदा मी फ्रीझरमधून सुरमई काढायला गेलो, तर शेजारी नवा डबा. वर मार्करनं लिहिलेलं: 'आपलं नव्हे'. आत दोन गोठलेले उंदीर.

"भुवड!"

"सराव करायला आणलेत. उघडू नका, गारवा जातो."

मग एका शुक्रवारी त्यांनी एक उंदीर कोमट पाण्यात सोडला आणि माझ्या चपातीच्या चिमट्यात धरून त्या काळ्या नळकांड्यासमोर हलवत बसले. मी त्या दिवसापासून हॉटेलची चपाती खायला लागलो.

"अहो, कुत्रा पाळा. मांजर पाळा," मी एकदा वैतागून म्हणालो.

"कुत्रा वाट बघतो. मांजर रुसतं. हा महिनाभर न जेवता राहतो. सुट्टीवरून परत आलं की विचारत नाही, कुठे होता म्हणून."

"म्हणजे ओळखत पण नाही."

"नाही ओळखत. पण हात गरम लागला की जवळ येतो. मॅडम म्हणाल्या."

तेवढ्यात त्यांचा घरी व्हिडिओ कॉल लागला. मुलीनं उचलला. बावीस वर्षांची आहे. "हां बाबा, आईला देते," म्हणाली. दर शुक्रवारी ती एवढंच म्हणते. भुवड आधी केस विंचरतात.

मला काही अडचण आहे का, हे त्यांनी रीतसर विचारलं होतं. मी म्हणालो, "माझी काही हरकत नाही." मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. घरी बायकोलाही मी कधी 'नाही' म्हटलेलं नाही, आणि त्याचे परिणाम तीही भोगते. इकडे मी चपला झटकून घालायला लागलो होतो. जनावर अजून सलालाहलाच होतं.

मॅडम कागदपत्रांच्या कामाला मस्कतला आल्या, तेव्हा घर बघायला आल्या. भुवडांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मॅडमनी पेटी बघितली, काटे बघितले, खूश झाल्या. भुवड चहा टाकायला आत गेले. मॅडमनी मला हळूच विचारलं, "भैया, आप साथ रहते हैं. सच बताइए, संभाल लेंगे ना?"

मी म्हणालो, "आदमी अच्छा है, मॅडम. बस, शाम को थोड़ा लेते हैं. फिर होश नहीं रहता."

भुवड चहासुद्धा अर्धा कप पितात.

हे मी पुढे कित्येक महिने कुणाला सांगितलं नाही. मला भीती वाटत होती, हे खरं. पण "मला भीती वाटते" एवढं म्हणण्यापेक्षा एका सरळ माणसाला दारुडा ठरवणं मला सोपं गेलं, हेही खरं.

दोन दिवसांनी मॅडमचा मेसेज आला. दूसरी फॅमिली मिल गई, सॉरी. भुवडांनी तो मला वाचून दाखवला. मग तिसरा थर्मामीटर आणला. "गरम बाजूला अर्धी डिग्री कमी होती. मॅडम काट्याकडे बघत होत्या, मी बघितलं ना." पेटी उघडली, जोडली, पुन्हा उघडली. आठ महिने. दिवा रिकाम्या पेटीत जळत राहिला आणि मी रोज सकाळी बत्तीस, सव्वीस ऐकत राहिलो.

गेल्या महिन्यात अर्बाबच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या, ओळखीतून निरोप आला. रुस्ताकला एकाकडे अजगराचं पिल्लू आहे, तो द्यायला तयार आहे. मी पुन्हा चपला झटकायला लागलो, पण खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. म्हटलं, त्या खोट्यातून सुटलो.

भुवड म्हणाले, "नको. आधी माझं काय चुकलं ते कळू दे. नाहीतर त्या पिल्लाचे हाल."

मग मात्र मला राहवेना. ते कांदा चिरत होते. मी दारातूनच बोललो.

"भुवड, मॅडमना मी सांगितलं होतं, तुम्ही पिता म्हणून."

"मी?"

"मला भीती वाटत होती. तुम्हाला नको म्हणवलं नाही."

ते ओरडतील म्हणून मी उभाच राहिलो. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"म्हणजे पेटीत काही चूक नव्हती?"

"नव्हती. काहीच नव्हती."

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी बघितलं. मग हात टॉवेलला पुसत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आणि माझ्यात?"

'नाही हो', एवढंच म्हणायचं होतं. पण नऊ वर्षांत या माणसाला मी एकही बरा शब्द दिला नव्हता, आता कुठल्यानं सुरुवात करावी, तेच शोधत राहिलो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मान हलवली, उत्तर मिळाल्यासारखी, आणि पुढचा कांदा घेतला.