लालभडक शाल

“वस्तू समोर ठेवल्याशिवाय शब्दाचा अर्थ लिहायचा नाही. कळलं?”

शब्दकोशाच्या कचेरीतले जुने संपादक निवृत्त होताना हे सांगून गेले, आणि टिपणरावांनी ते नेमासारखं पाळलं. ‘कडू’ लिहायच्या दिवशी ते कारलं घेऊन आले होते. ‘घसरगुंडी’साठी बागेत जाऊन, मुलांच्या रांगेत उभे राहून, दोनदा घसरले होते.

आज सकाळी मुख्य संपादक बाईंनी त्यांचा कागद परत केला.

“लालबुंद, लालचुटुक, लालभडक, तिन्हींपुढे ‘अतिशय लाल’? अहो, मग लोकांनी तीन-तीन शब्द कशाला सांभाळलेत? पाचला पान छपाईला जायचंय.”

लालबुंद सुटला, कारण मुद्रितशोधक तीन जिने चढून नुकताच आला होता आणि त्याचा चेहरा समोरच होता. लालचुटुक टंकलेखिकेच्या भाचीच्या ओठांवरून सुटला. फोटो पर्समध्येच होता. राहिला लालभडक. टिपणरावांना घरातली शाल आठवली. बायकोच्या थोरल्या बहिणीने, ताईंनी, महिनाभर खपून ती विणली होती आणि संध्याकाळी ताईंकडे जाताना बायको ती अंगावर घेणार होती. जेवणाच्या सुट्टीत टिपणराव घरी गेले आणि कपाटातून गुपचूप शाल उचलून आले. तासाभराचं तर काम!

शाल टेबलावर पसरताच सगळे जमले.

“लालबुंद म्हणा की,” मुद्रितशोधक म्हणाला.

“माणूस होतो लालबुंद. शाल कशाला होईल?”

“गोड आहे हो. लालचुटुक!” टंकलेखिका म्हणाली.

“एवढी लांबरुंद? चुटुक म्हणायला वस्तू इवलीशी लागते.”

“मग भडक कोणती?” असं म्हणत मुद्रितशोधकाने हात उडवला, आणि हातातला चहा शालीवर.

“थंड पाण्यात! लगेच!” टंकलेखिका ओरडली.

बादली आली. पाणी लाल झालं. पाणी बदललं, तेही लाल झालं. पाचव्या बादलीला चहाचा डाग गेला. त्याच्यासोबत शालीचा रंगही गेला. हाती आलं ते फिकट गुलाबी काहीतरी.

“घाबरू नका,” मुद्रितशोधक म्हणाला. “आपल्याकडे लाल शाईला काय तोटा?” आणि नको नको म्हणेपर्यंत त्याने बाटली उपडी केली. शालीचा एक कोपरा तपासलेल्या प्रुफासारखा दिसू लागला.

चार वाजता शाल पंख्याखाली दोन खुर्च्यांवर वाळत असताना दारात बायको उभी.

“अहो, माझी शाल घरात नाहीये. तुम्ही पाहिली का?”

टिपणरावांनी नुसतं खुर्च्यांकडे बोट केलं. बायकोने शाल हातात घेतली, उलटीसुलटी केली.

“हीच ती?”

“हीच. चुकलं माझं.”

बायको खुर्चीत बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

“अहो, आठ दिवस मी झोपले नाहीये! इतकी लालभडक शाल घेऊन चारचौघांत जायचं कसं? अंगावर घेतली की आधी शाल घरात शिरते, मग मी. आणि नाही घेतली तर ताईचं मन दुखतं. आता बघा, कशी शांत दिसतेय.”

“थांब, थांब! पुन्हा बोल!” टिपणराव कागदावर झुकले. त्यांनी लिहिलं: ‘लालभडक: जो पांघरला असता माणसाच्या आधी दिसतो असा लाल.’

बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि सही केली. पाचला दहा कमी असताना पान छपाईला गेलं. मुद्रितशोधकाने सगळ्यांसाठी चहा मागवला. या वेळी टेबलापासून लांब.

बायकोने शाईचा कोपरा आत दुमडून शाल खांद्यावर टाकून पाहिली. मग हसू जरा मावळलं.

“पण ताईला काय सांगायचं? महिनाभर डोळे फोडलेत तिनं. मी खोटं नाही बोलणार हं.”

“तू नकोच बोलू. मी सांगतो.”

“कधी? उद्या-परवा?”

“आज. तू पोचायच्या आत.”

“शाईचंही?”

“शाईचंही.”

कचेरीत चहाचे कप वाजत होते, कुणीतरी नवा अर्थ मोठ्याने वाचून दाखवत होतं. टिपणरावांनी चपला पायात सरकवल्या आणि ते ताईंच्या घराकडे जायला जिना उतरू लागले.